धावपट्टी बंद केली त्या सकाळी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. तुमच्यामुळे अडचणीत आलोय की माझ्याच मूर्खपणामुळे, तेच कळत नाही. तुमचा मुलगा हिमालयातल्या एका विमानतळावर धावपट्टी सांभाळतो. हिवाळ्यात उजाडल्यापासून बर्फ ढकलणाऱ्या गाड्या फिरतात, त्यांच्यामागे तारांचे मोठे ब्रश. "मीठ टाका की," असं तुम्ही नक्की म्हणाला असता. मीठ चालत नाही हो, विमानाच्या धातूला खातं. वेगळं द्रावण फवारावं लागतं. शेवटी एक गाडी पळवून चाकाला पकड किती मिळते ते मोजतात. ते मी वर मनोऱ्यात कळवलं की विमान उतरतं. साधं काम आहे, निदान परवापर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

तोरणमाळच्या घाटात तुम्ही मैलकुली होतात, रस्त्याची निगा राखायला. मी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकत होतो आणि एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी तुमचा डबा घेऊन वर आलोय. आठवडाभर पाऊस झालाय. खाली शहाद्याला जाणारी एसटी तुम्ही वळणावर अडवलीय, माणसं ओरडतायत. मी लांबूनच शहाणपणा करतो, "आबा, रस्ता ते चांगला शे. जाऊ द्या ना गाडी." तुम्ही केवढे खवळता! "चप्पल काढ! खाले उतर, पायघाई देख!" पायानं बघ म्हणता, मग स्वतःच अनवाणी कडेकडेनं चालत जाता, टाच दाबता, थांबता, परत येता. रस्ता खचेल, गाडी जाणार नाही म्हणता. एक बाई तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन पावरी बोलीत काहीतरी विनवते, तुम्ही मान वर करत नाही. ती पायीच घाट उतरते. तो रस्ता त्या दिवशी खचला नाही, पुढेही कधी खचला नाही. मला तुमची लाज वाटली होती. त्या पोराचं काय झालं, हे ना तुम्ही विचारलं ना मी.

परवा सकाळी मोजणी ठीक आली. एकदा नाही, दोनदा. विमान वर घिरट्या घालत होतं. नुसतं "उतरू द्या" म्हणायचं होतं, बस्स. पण मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी गाडीतून उतरलो, बूट दाबून चार पावलं चाललो आणि बंद करा म्हणालो. विमान परत गेलं. साहेब म्हणाले, सावधगिरी केव्हाही बरी. हाताखालच्या पोरांनी चहा पाजला. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं एक माणूस आला आणि विचारत विचारत माझ्या खोलीपर्यंत पोचला. आदल्या दिवशी परत गेलेल्या विमानात तो होता, आणि त्याच दुपारी इथे त्याची आई वारली होती. आवाज चढवला नाही त्यानं. इतकंच विचारलं, "साहेब, खरंच निसरडं होतं का?"

मी हो म्हणालो. तो हात जोडून निघून गेला, आणि त्या हात जोडण्यानं माझं डोकं फिरलंय. यंत्र चुकलं असेल का? असेलही. उतरलं असतं तर घसरलं असतं का? कोणाला विचारू? तुम्हाला तरी त्या वळणावर टाचेखाली नक्की काय कळलं होतं, आबा? की तुम्हीही नुसतेच... जाऊ दे. हे पत्र टाकायचं कुठे, आणि आईला वाचून दाखवायची हिंमत नाही. तुमचं नाव सांगून मी पोरांपुढे मिरवलो, की आमच्या घरात रस्ता पायानं ओळखतात. खरं सांगतो, दोन लोकरी मोजे, वर जाड बूट, बोटं गारठून बधिर झालेली. माझ्या पायाला काहीच कळलं नव्हतं. मी घाबरलो होतो.