गोलच्या मागं उभी राहून

आबा,

तुम्हाला थंडी वाजलेली मी कधी बघितली नाही. फौंड्रीतनं यायचात ते भट्टीची धग अंगावर घेऊनच, आणि पौषातसुद्धा नुसत्या बनियनवर पायरीवर बसायचात. काल मनात आलं, इथं तुम्हालाही स्वेटर घालावा लागला असता. मी स्कॉटलंडात आहे, लेकाकडं. इंग्लंडात लेस्टरला जन्म गेला, पण तिथली थंडी म्हणजे थंडी नव्हेच. इथं वारा समुद्रावरनं येतो आणि सरळ दातात शिरतो. काल संध्याकाळी त्या वाऱ्यात मी फुटबॉलची मॅच बघायला उभी होते. तुम्ही गेल्यापासनं मी एकही मॅच बघितली नव्हती. टीव्हीवर लागली की मी उठून भांडी घासायला जाते. घरच्यांना वाटतं, हिला खेळ म्हणजे वेळेचं वाटोळं वाटतं. वाटू दे. सांगत कोण बसणार.

तुमचा नातू गोलकीपर आहे. हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार, म्हणून मी सांगते. त्याला कुणी शिकवलं नाही. लेस्टरच्या शाळेतनं एक दिवस गोलकीपरचे हातमोजे घालून घरी आला आणि झालं. आता चाळिशीला टेकलाय. दिवसभर पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि संध्याकाळी गावच्या क्लबात गोलमध्ये उभा. हा क्लब मोठ्या लीगमधला नव्हे, त्याच्याही पार खालचा. प्लंबर, मास्तर, पोस्टमन असले लोक खेळतात. कोल्हापुरात आपल्या पेठेची टीम होती तसंच धरा. पण इथं एक कप असतो, त्यात हे असले बारके क्लब मोठ्यांशी भिडतात, आणि यंदा हे लोक जिंकत जिंकत बरेच पुढं आले. त्यामुळं अख्खं गाव येडं झालंय.

दिवाळीच्या सुमाराला एका मॅचमध्ये कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पंधरा दिवस घरी होता. किटली फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सगळ्या घरात शोधत फिरायचा. पुढं डॉक्टरनं खेळायला हो म्हटलं, पण सुनेचं मन मानेना. ती इथलीच, गोरी, नर्सरीत लहान पोरांना शिकवते. मला फोन करून म्हणाली, आई, तो माझं ऐकत नाही, तुम्ही येऊन सांगा. आई एवढा एक शब्द ती मराठीत म्हणते, बाकी सगळं इंग्लिश. मी बॅग भरली आणि ट्रेनमध्ये बसले.

आल्या दिवशीच किचनमध्ये विषय काढला. तो सिंकपाशी हातमोजे धूत होता. म्हटलं, बास आता, वय झालं, बायकोचा जीव टांगणीला लागलाय. तो हसला आणि त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला,

"आई, माझा डोकं ठीक आहे. ही कपची मॅच होऊ दे, मग बंद. डोन्ट फस."

डोन्ट फस, म्हणजे उगाच बाऊ करू नका, हे माझंच. जन्मभर मीच पोरांना ऐकवत आले. ताप आला, डोन्ट फस. शाळेत कुणी काही बोललं, डोन्ट फस. तुमचे जावई गेले तेव्हासुद्धा पोरं रडत बसली होती, तर मी म्हटलं, उठा, चहा टाका, डोन्ट फस. आता त्याला काय तोंडानं बोलणार. खरं सांगायचं तर तुमच्यापासनं सुरू करावं लागलं असतं, आणि तुमचा विषय मी ह्या पोरांसमोर कधी काढलाच नाही. आजोबा लवकर वारले, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून मी गप बसले आणि मॅचला येते म्हणाले. तो इतका खूश झाला की मलाच कसंतरी झालं. त्याला वाटलं, आई शेवटी खेळ बघायला आली. मी कशाला आले होते ते माझं मला माहीत. ह्याला आज काही होऊ नये, आणि संपलं की हाताला धरून घरी न्यावा.

ग्राउंड म्हणजे काय, एका बाजूला पत्र्याचं छप्पर, बाकी सगळं उघडं. कंबरेएवढा लोखंडी बार चारी बाजूंनी, त्याला टेकून लोक उभे. खिडकीतनं मटणाच्या गोल पॅटिस विकत होते, त्या हातात धरून आधी बोटं शेकायची आणि मग खायच्या. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, माझ्याच वयाचा, टोपी कानापर्यंत ओढलेला. तो सगळा वेळ आपल्याच लोकांना शिव्या घालत होता. त्यांच्यातल्या एका दमलेल्या खेळाडूला त्यानं ओरडून सांगितलं की तुझ्या आधी ही आजी बॉलपर्यंत पोचेल, आणि बोट माझ्याकडं. मी म्हटलं, त्याचे बूट काढून द्या, जाते. म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. पुढं अर्धा वेळ तो मला हेन म्हणून हाक मारत होता, इथले लोक बाईमाणसाला तसं म्हणतात.

मॅच एक-एक झाली होती. हाफटाइमला सगळी माणसं उठून चालायला लागली. मला वाटलं, थंडीनं घरी निघाली. सून म्हणाली, तसं नाही, टीम बाजू बदलते तशी ही माणसं पण बदलतात, आपले लोक जिकडं गोल मारणार तिकडं जाऊन उभी राहतात. म्हणजे सगळे गेले त्या टोकाला आणि आमचा गोलकीपर ह्या टोकाला एकटा. म्हातारा पण गेला. मी म्हटलं, मी कुठं जात नाही. सून मला चहा आणून देऊन छपराखाली गेली, तिला जवळनं बघवत नाही, आणि मी त्या गोलच्या मागं एकटी राहिले.

तिथनं पुढं माझं काही खरं नव्हतं, आबा. चार कोपऱ्यांत चार खांबांवर मोठे दिवे, त्यामुळं एका माणसाच्या चार सावल्या पडतात. तो पुढंमागं हलला की चारी हलायच्या. मला सारखं वाटत होतं, त्यातली एक जरा उशिरा हलतीय. गुडघ्यात वाकून, हात मांड्यांवर ठेवून तुम्ही उभे राहायचात तशी. आणि माझ्या मागं कुणीतरी घसा खाकरत होतं. मी दोनदा वळून बघितलं. मागं कुंपण आणि त्याच्या पलीकडं अंधार. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तिसऱ्यांदा मी वळले नाही.

तुमची ती मॅच मला जशीच्या तशी दिसते. बायका यायच्या नाहीत, पण मी बारकी म्हणून काकानं खांद्यावर घेतलंय. तुम्ही तालमीतनं आखाड्याची तांबडी माती तळहाताला चोळून येता, बॉल निसटू नये म्हणून. समोर पलीकडची पेठ, त्यांच्याशी आपलं बोलणं बंद. त्यांचा एक माणूस बॉल घेऊन सुटतो. तुम्ही त्याच्या पायात उडी घेता, बॉल काढता, आणि त्याचा बूट तुमच्या डोक्यात बसतो. अख्खी पेठ टाळ्या वाजवते. तुम्ही उठता, गोलचा खांब धरता आणि हसता. आपल्या तालमीचं एक होतं, पैलवान असो नाहीतर गोलकीपर, पायावर आला तसा पायावरच जायचा, उचलून नेला तर पेठेची मान खाली. वस्ताद धावत येतात, डोक्यावर घागरभर पाणी ओततात, दोन फेऱ्या चालवतात आणि पाठीवर थाप मारून परत उभं करतात. आपण जिंकतो. गुलाल, हलगी, तुम्ही लोकांच्या खांद्यावर. घरी आल्यावर हळद घातलेलं दूध. तुम्ही म्हणता, डोळ्यावर झापड येतीय. वस्ताद म्हणतात, झोपू दे, झोपेसारखं औषध नाही. आईनं आम्हाला दम दिला, आवाज करायचा नाही. मी दारात बसून धाकट्याला गप करत होते. गल्लीतली हलगी मात्र कुणी बंद केली नाही. सकाळी तुम्ही उठला नाहीत.

वस्ताद काही वाईट माणूस नव्हता. आखाड्यात बेशुद्ध पडलेले कितीतरी त्यानं पाणी मारून उभे केले होते, तेच तुम्हाला केलं. त्याला दुसरं येत नव्हतं. पण मी त्याला आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना कधी माफ केलं नाही. लग्न होईपर्यंत तालमीवरनं जायचं तर मी रस्त्याच्या पलीकडनं जायची. तुमचा फोटो त्यांनी आत लावलाय, दसऱ्याला हार घालतात. इतक्यांदा कोल्हापूरला जाऊन आले, पण तो मी अजून बघितलेला नाही.

काल मॅच संपत आली होती तेव्हा तसंच झालं. कोपऱ्यातनं बॉल उंच आला, लेकानं उडी मारली, समोरच्या आडदांड माणसानंही मारली. ह्यानं मुठीनं बॉल वरच्या वर बाहेर काढला आणि दोघं एकमेकांत गुंतून खाली आले. तो माणूस उठला. हा नाही. मग हाही उठला. एक पोरगी बॅग घेऊन पळत आली, ती त्यांची फिजिओ. तिनं विचारलं, आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत, शेवटचा गोल कुणी मारला. मी एवढ्या जवळ होते की सगळं ऐकू येत होतं. ह्यानं बरोबर उत्तरं दिली. ती म्हणाली, माझं मन घेत नाही, तू बाहेर चल. हा म्हणाला, मी फाइन आहे. रेफ्री घड्याळ बघतोय, बदली गोलकीपर नाही, त्या टोकाची माणसं ह्याचं नाव घेऊन गाणं म्हणतायत. आणि ह्यानं एक हात लांब करून गोलचा खांब धरला, आणि फिजिओकडं बघून हसला.

मी बारच्या खालनं आत गेले. ह्या गुडघ्यांनी कशी गेले ते विचारू नका. रेफ्री ओरडला, मॅडम. मी त्याला म्हटलं, वन मिनिट.

"बाहेर ये."

"आई, प्लीज. पाच मिनिट राहिली. सगळे बघतायत."

"बघू दे. तुझे आजोबा असेच खांब धरून हसत होते. गोलकीपरच होते. घरी येऊन झोपले ते उठलेच नाहीत."

त्याला सगळं कळलं का कोण जाणे, त्याचं मराठी तेवढं नाही. पण त्यानं खांब सोडला, हातमोजे काढून एका डिफेंडरच्या हातात दिले आणि माझ्याबरोबर चालत बाहेर आला. गाणं बंद झालं. डिफेंडर गोलमध्ये उभा राहिला आणि शेवटी एक सोपा बॉल त्याच्या पायातनं गेला. हरलो. बाहेर पडताना तो म्हातारा भेटला. म्हणाला, बरोबर केलंस, हेन. आणि वळून गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते काही माझ्यासाठी नव्हतं.

हॉस्पिटलात स्कॅन काढला. साफ निघाला. सुनेनं मला मिठी मारली. तो तिथंच म्हणाला, म्हणजे मी खेळलो असतो तर चाललं असतं. असेल. आज सकाळपासनं माझ्याशी बोलला नव्हता. मघाशी किचनमध्ये आला, चहा ओतून घेतला आणि पाठमोरा उभा राहून विचारलं, ते कुठल्या हातानं जास्त पकडायचे. म्हटलं, डाव्या. मान हलवली आणि गेला.

आता एक सांगते आणि हे इथंच राहू दे. ह्या कागदाची घडी करून मी इथल्या लाकडं जाळायच्या स्टोव्हमध्ये घालणार आहे, सून यायच्या आत. त्यानं मुठीनं तो बॉल बाहेर काढला ना, काय काढला आबा, तुम्हीसुद्धा बघत राहिला असतात. तेव्हा मी टाळी वाजवली. जोरात, हातमोजे काढून. तो खाली पडलेला मला नंतर दिसला.