दाबून सोडायचं बटण

८ नोव्हेंबर
वैशाखऱ्याला जाऊन आले. बाळूची भात झोडणी संपलीय, आता भाऊ हाताला लागेल. मुरबाडला स्टँडजवळ त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ते बंद होऊन वर्षं झाली. शेवटच्या मशीनचं काय केलंस, विचारलं.
"हाय ना, मागं. पन ताय, त्यात कोंबड्या बसतात गो."
खरंच. काच काढून खुराडं केलंय. तीन अंड्यांवर, एक नुसतीच पुढारी. लाकूड शाबूत. दोन्ही दांडे हलतात.
"दाजी खेळनार? ते तर चहाचा कप पन डाव्या हातानं..."
म्हटलं, म्हणूनच.

९ नोव्हेंबर
नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे, इथे नुसतं व.
व. एकतीस वर्षं भातसाच्या धरणावर गेट ऑपरेटर. निवृत्त होऊन भातसानगरची क्वार्टर सोडून शहापुरात आलो, आणि या पावसाळ्यात झटका आला. पाय सावरला. उजवा हात नाही. फि.बाई (फिजिओवाल्या) म्हणतात, हात जो काही परत यायचा तो बहुतेक या पहिल्या महिन्यांतच येतो, वापरत राहा. व. वापरत नाहीत. रबरी चेंडू दिला होता, तो कपाटाखाली गेला तो तिथेच. हात कायम खिशात. वर्गणीवाले दारात आले की श्रीमंत लोक ठेवतात, तसा.
महिने चाललेत. खिसा भरलेलाच.

११ नोव्हेंबर
मशीन टेंपोतून किन्हवलीमार्गे घरी. दांड्याखाली एक अंडं निघालं, पाठवणीचं. व. ओटीवरून बघत होते.
"हा खोका अजून हाय?"
आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य.
हो, हाच तो. बाळू स्वतःच खेळत बसायचा म्हणून गल्ल्यावर मी बसायचे, आणि धरणावरचा एक गेट ऑपरेटर दर सुट्टीला "बाजाराला" मुरबाडात यायचा. विमानाच्या गेममध्ये मिनिटभरात पडायचा. मला वाटायचं, अगदीच मठ्ठ दिसतो. लग्नानंतर कळलं, पडद्याकडे बघतच नव्हता.
साप्ताहिकातल्या माझ्या थट्टेच्या सदराचा मजकूर राहिला. संपादकांना कळवलं, या आठवड्यात तालुक्यात थट्टा करण्यासारखं काही घडलं नाही. त्यांचा विश्वास बसला नाही.

१४ नोव्हेंबर
बाळूने एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधला जुना कॉम्प्युटर आणला. त्याचा डबा फेकून आतला सगळा संसार फळीवर ठोकला, फळी खोक्याच्या पोटात. पुढे सपाट पडदा. जुने गेम त्यात भरलेत म्हणे.
एकच अडचण. चालू करायचं बटण डब्याबरोबर गेलं. मग बाळू काय करतो, तर आत डोकं घालून दोन बारक्या पिनांना पेचकस टेकवतो. टेकवला की पंखा घरघरतो, मशीन जागं.
पलंगावरून आवाज आला, "काढ रे तो पेचकस! असं कोन चालू करतंय? बटन लावा त्याला."
बाळूने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मासा लागला.

१५ नोव्हेंबर
बटण व. नी निवडलं. दांड्याशेजारचं जुनं पिवळं, रुपयाएवढं. त्याच्या पोटाला बारका स्विच, स्विचला तीन पाय. दोन वायरी दोन पायांना, दुसरी टोकं त्या दोन पिनांना. एवढंच काम. बाळू म्हणाला, दहा मिनिटं. त्याच्या दुकानातली दहा मिनिटं मला माहीत आहेत.
वायर सोलायला व. नी दात वापरले. पकड डाव्या हातात. आणि उजवा हात खिशातून काढून वायरीवर ठेवला, ती हलू नये म्हणून. पेपरवेट म्हणून का होईना. मी बघितलंच नाही असं दाखवलं. फार कठीण गेलं, मला न बघण्याची सवय नाही.
डाग (सोल्डरिंगचा) बाळूने दिला. वीज लावली. कोणी बोट लावायच्या आधी मशीन आपोआप चालू, आणि आपोआप बंद. आमच्याकडच्या सार्वजनिक नळासारखं. उद्घाटन आणि समाप्ती एकाच दिवशी.
व. नी टेस्टर मागितला. एकेक पाय तपासला. "येड्या, ह्यो पाय न दाबताच जोडलेला असतो. दाबला का तुटतो. म्हंजे मशीनला वाटतंय, बटन कोनी दाबूनच धरलाय. तिसऱ्याला लाव."
बाळूने तिसऱ्याला लावलं. पुन्हा वीज. आता मशीन गप्प, दाबायची वाट बघतंय. बाळूने दाबलं, चालू. बंद करून मी दाबलं, चालू.
व. चा चेहरा बघण्यासारखा होता. बघितला.

१६ नोव्हेंबर
रविवार. उद्घाटन व. च्या हस्ते. नारळ हवाच म्हणाले, धरणावर गेट उघडायच्या आधी फोडतात. खोक्याला हळदकुंकू. बाळू वैशाखऱ्याहून नवा शर्ट घालून आला.
व. नी हात खिशातून काढला. उजवा. कोणी सांगितलं नव्हतं.
दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर पांढरी अक्षरं आली... आणि सगळं काळं.
पुन्हा दाबलं. घरघर, अक्षरं, काळं.
तिसऱ्यांदाही तेच.
बाळू आत शिरला. वायर बरोबर, डाग बरोबर. बाहेर येऊन स्वतः दाबलं. चालू. आणि चालूच राहिलं, मेलं. त्या मशीनला तेवढी तरी अक्कल हवी होती.
व. म्हणाले, "माझ्या हाताचा नाय पायजे त्याला." हात खिशात. खोबरं कोणी खाल्लं नाही.

१७ नोव्हेंबर
व. जेवले. मशीनवर चादर टाकलेली. कोणी टाकली, विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर
फि.बाई आल्या. व. च्या उजव्या हातात रिकामं भांडं दिलं. धरलं. चांगलं घट्ट. "आता सोडा." सुटेना. शेवटी डाव्या हाताने एकेक बोट उलगडून भांडं काढलं, केळफुलाची पानं काढतात तसं.
जाताना दारात मला म्हणाल्या, "धरणं आलंय त्यांना. सोडणं नाही आलं. सगळी मेहनत आता सोडण्याची."
मी मान हलवली. काही कळलं नव्हतं.

२० नोव्हेंबर
खोटं बोलले. म्हटलं, बाजारातला इलेक्ट्रिशियन बोलावते, तो बघेल बटणाचं.
"तो? तो पंखा उलटा फिरवतो." उठले. चादर काढली.
या वेळी मी पडद्याकडे न बघता हाताकडे बघितलं. पडद्याकडे न बघण्याची या घरात परंपरा आहे. व. नी अंगठा ठेवला, दाबला. पंखा घरघरला. अंगठा तिथेच. नख पांढरं पडलेलं. अक्षरं आली. अंगठा तिथेच. काळं.
"अहो, सोडा ना."
"असा कसा सोडू?"
"का?"
"सोडला का गेट थांबतंय."
"कुठलं गेट?"
मग हळूहळू सांगितलं. धरणाचं गेट उचलायचं बटण दाबून धरावं लागतं. धरलंय तोवर गेट चढतं, सोडलं की तिथेच लटकतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचे ते हेच. दाबून धराचा, सोडाचा नाय. एकतीस वर्षं.
मला काय काय आठवलं. लग्नानंतर मी माहेरी गेले की व. न्यायला यायचे आणि दारावरची बेल दाबून धरायचे. बाळू शिव्या देत बाहेर येईपर्यंत. मी आपली समजत होते, प्रेम.
म्हटलं, थांबा. मी बटण दाबलं, आणि धरून ठेवलं. मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार. काळं. पुन्हा केलं. पुन्हा चारला काळं. त्या बाळूच्या चुकलेल्या पायासारखंच. हे बटण टिचकी मारल्यासारखं दाबून सोडायचं. धरून ठेवलं की कॉम्प्युटर समजतो, बंद हो म्हणतायत.
"बघा," म्हटलं. "माझाही हात गेला."
हसले. हसताना तोंड अजून थोडं डावीकडे जातं. जाऊ दे.

२१ नोव्हेंबर
बाळूला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. लगेच उपायही तयार. मधे एक बारका टायमर बसवतो म्हणाला. "दाजी, मग दिवसभर दाबून धरा, मशीनला एकदाच कळंल."
"बसव" हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता.
व. म्हणाले, "नको. कोंबडी सुदीक चोच मारून सोडती. मला नाय जमाचा?"
"कोंबडीनं त्यात अंडी घातली, दाजी."
"ती तू घाल."
बाळू टायमर घेऊन परत गेला. फि.बाईंचं वाक्य आत्ता, ही ओळ लिहिताना कळलं.

२३ नोव्हेंबर
सकाळी हाताला तेल लावून झालं की व. मशीनसमोर. दाबणं सोपं. दोनला खांदा वर येतो, कोपर येतं, अंगठा येत नाही. चारला काळं. आज अकरा वेळा. मी शेजारी बसून वाल सोलते.
मोठ्याने मोजत होते. "मोजू नको गो, टोचतंय." आता वालाच्या दाण्यांवर मोजते, मनात. वाल बरेच झालेत, रोज बिरडं.

२५ नोव्हेंबर
डावा हात ठणठणीत आहे. डाव्याने दाबलं तर एका क्षणात चालू होईल आणि दिवसभर खेळता येईल. मी म्हटलं नाही, त्यांनी केलं नाही.
बाळू आला होता, त्याने चालू करून दिलं. व. दांड्याला हात लावेनात.
"खेळा की!"
"दुसऱ्यानं उघडलेल्या गेटचं पानी मी नाय सोडत."
बाळूच खेळला. पूर्वीसारखाच. मी गल्ला नसलेल्या गल्ल्यावर.

२७ नोव्हेंबर
बोटं सुटली! आपली आपण, डाव्याची मदत न घेता. पण मशीन बंद झाल्यावर.
व. रागाने आत गेले. मी फि.बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सुटली ना? मग झालं. झालं नाही, बाई. तुम्हाला चार म्हणजे किती ते माहीत नाही.

२८ नोव्हेंबर
संपादकांचा फोन. मजकूर? म्हटलं, धरून ठेवलेल्या खुर्च्यांवर लिहितेय, न सोडणाऱ्यांवर. खूश झाले. तीन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. न सुटणाऱ्या हाताची थट्टा या आठवड्यात माझ्याच्याने होईना. उगाच सभ्य होत चाललेय.

२९ नोव्हेंबर
चौदा वेळा. नाही.
कपाटाखालचा चेंडू मात्र बाहेर आलाय. उशीजवळ होता.

१ डिसेंबर
सकाळी तेल लावून झाल्यावर मी स्वयंपाकघरात. तेल तापलं, मोहरी टाकली, आणि बाहेर पंखा घरघरला. हातात वाल नव्हते, म्हणून तडतडीवर मोजलं. एक, दोन, तीन. चार. काळं होण्याचा आवाज नसतो, पण घरघर थांबते. थांबली नाही. पाच. सहा. मोहरी जळाली. मग ती जुनी पिपाणी वाजली, मुरबाडच्या दुकानातली, विमान उडायच्या आधीची.
दारापर्यंत गेले. व. उभे. डावा हात दांड्यावर, उजवा गोळीच्या बटणावर, नुसता टेकलेला. माझी चाहूल लागली तशी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. विमान पडलं.
"मठ्ठ," म्हटलं.
"हाय तर."
चालू कोणत्या हाताने केलं, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.
दुपारी ते झोपल्यावर फडकं घेऊन मशीनपाशी गेले. पिवळ्या बटणावर तेलाचा अंगठा होता, स्पष्ट. तेल मी लावते ते उजव्या हाताला. पण चोळून जिरवतात ते स्वतःच, डाव्याने.
बटण सोडून बाकीचं मशीन पुसलं.