थांब की लांब

प्रिय भोंगाबाई,

हे नाव अजून चालतं ना? तू पोरांना पोहायला शिकवतेस आणि तलावाच्या पार त्या टोकाला ऐकू जायला तुला शिट्टीसुद्धा लागत नाही, असं तुझ्या बहिणीकडून कळलं. पत्ताही तिनेच दिला, आधी माझी चांगली उलटतपासणी घेऊन. माझं म्हणशील तर कानाची यंत्रं बसवायचं छोटं दुकान आहे. बँडमध्ये असताना आपण लोकांचे कान घालवले, आता मी ते भरून देतोय असं समज.

बातमी अशी की आपलं गाणं एका गेममध्ये येतंय. स्केटबोर्डचा गेम आहे. पडद्यावरचं पोरगं जिन्यांवरून, कठड्यांवरून चाकांच्या फळीवर उड्या मारतं, तोंडावर आपटतं, आणि मागे गाणी वाजत राहतात. जुनी पंक गाणी, म्हणजे आपल्यासारखी आरडाओरड्याची, आजच्या बँडनी नव्याने म्हणायची, अशी टूम गेमवाल्यांनी काढली आहे. त्यात आपलंच का घेतलं हे कोडं मला काही सुटत नाही. आपल्या कार्यक्रमांना जमायचे त्यातले निम्मे तर आपलेच मावस-चुलत भाऊ असायचे.

राहवेना, म्हणून आपलं गाणं म्हणणाऱ्या बँडचा सराव बघून आलो. फार गोड पोरं आहेत गं. आपण वाईट वाजवायचो कारण दुसरं काही येत नव्हतं. ही रीतसर शिकलेली पोरं मान मोडून वाईट वाजवायचा सराव करतात. माझ्या बेस गिटारचा तो खरखरीत आवाज कसा काढायचात, असं एकाने विचारलं. वायर सैल होती, म्हटलं. त्याने गंभीर चेहऱ्याने आपलीही वायर सैल केली.

दुसऱ्या दिवशी त्यांची गायिका दुकानात आली. आपल्या मूळ रेकॉर्डिंगमधला प्रत्येकाचा आवाज कुणीतरी कॉम्प्युटरवर सुटा करून तिला दिला होता. तिला पाहिजे होते फक्त शब्द, कारण ते आपण कधी कुठे छापलेच नव्हते. “काका, धृपदात तुम्ही दोघं वेगवेगळं का ओरडताय?” तिने विचारलं. मी म्हटलं, छे, एकच तर ओळ आहे, ‘दार उघडं आहे, जरा लांब’. ती हसली आणि म्हणाली, “ते तुम्ही म्हणताय. त्या नाही.”

कान तपासायच्या खोलीत, जिथे रोज पेशंटला बसवतो त्या खुर्चीत मी बसलो आणि हेडफोन लावले. गिटार नाही, ड्रम नाही, नुसती तू. दार उघडं आहे, जरा थांब. पुन्हा लावलं, पुन्हा थांबच. मग शेजारी माझा आवाज लावला, तर हा शहाणा जीव तोडून ‘लांब’ म्हणतोय. भोंगाबाई, तुझ्या शेजारी उभा राहून, एकाच माइकवर.

तू ते गाणं आणलंस तेव्हा मला बाहेरगावी नोकरीचं विचारलं होतं, आठवतं? मी जायचं की नाही ते ठरवलं नव्हतं. पाठ फिरवून तू आम्हाला चाल ओरडून दाखवलीस, आणि मला वाटलं, झालं, लांब जा असा निरोपच मिळाला. विचारायला काय झालं होतं? पण घुम्या नाव तूच ठेवलंस, आणि ते मी इमानाने चालवलं. रेकॉर्डिंग उरकलं आणि मी गेलो. नोकरीसाठी गेला, असंच सगळे समजले. मला वाईट वाटलं होतं, फार वाटलं होतं.

त्या मुलीला मी सांगून टाकलं की ‘थांब’च बरोबर, तेच म्हण. तिने तसं म्हटलंही, आणि झकास म्हटलं. तेव्हा गाण्याचं काम झालं, त्यासाठी हे पत्र नाही. हा शब्द कुणासाठी होता, असं तिने जाता जाता विचारलं. मलाच ठाऊक नाही. ते तुलाच विचारायला बसलो आहे. दुसऱ्या कुणासाठी असेल तर खुशाल हस आणि सोडून दे, मला राग येणार नाही. पण माझ्यासाठी असेल, तर एवढंच कळव: अजून थांबू का?

तुझाच,
घुम्या