पोपटीत पाणी

९ जानेवारी १९३६, अलिबाग

पुन्हा तेच केलं! मासिकाचा अंक आजच्या टपालाने आला. मी लिहिलं होतं — "नायिका पहिल्या पानापासून खोकते आणि शेवटच्या पानावर मरते; मधली दोनशे पाने तिने व वाचकाने का सोसावीत हे कळत नाही. वाचू नये." आणि छापलंय काय? — "करुणरसाने ओथंबलेली ही कादंबरी भगिनींनी एकवार अवश्य वाचावी." खाली सही, 'एक भगिनी'.

म्हणजे खोटं संपादकांचं आणि भगिनी मी!

कादंबरीकार संपादकांचे साडू निघाले. यांनीच सांगितलं, कोर्टात जायला कोट चढवता चढवता. वर हसले. "तुझं नाव थोडंच आहे खाली? मग चडफडतेस कशाला?"

नाव नाही ते कोणामुळे? तीन वर्षांपूर्वी हेच म्हणाले होते — लिही हवं तर, पण घराण्याचं नाव छापखान्यात जाता कामा नये. वकिलाच्या बायकोने लोकांच्या पुस्तकांवर मतं देत बसावं हे बरं दिसत नाही. तेव्हा मी मान डोलावली. आता मानेचाच राग येतो.

१० जानेवारी

संपादकांना पत्र लिहिलं. फाडलं.

१५ जानेवारी

रेवसच्या मोटारीने नवं पार्सल आलं होतं — पाच पुस्तकं. दोन दिवसांत संपवली. खरे अभिप्राय इथे लिहिते. या वहीला कुणाचा साडू नाही.

कविता — चांदणं, चांदणं आणि पुन्हा चांदणं. कवीने एकदा तरी भर दुपारी घराबाहेर पडावं.

बालसंगोपनाचं पुस्तक एका डॉक्टरांचं. मूल रडत असता मातेने चित्त प्रसन्न ठेवावे म्हणे! या गृहस्थांना शेजारच्या केसरची जुळी आठवडाभर सांभाळायला द्यावीत.

खुनाची गोष्ट. खुनी चौथ्या पानावर ओळखला, तरी पुस्तक खाली ठेववेना. भाताला कढ आला, उतू गेला, मी आपली वाचतेच आहे! हिची शिफारस मी मनापासून करीन आणि संपादक 'अभिरुची' या शब्दाने ती मारून टाकतील.

काशीयात्रेचं वर्णन बरं आहे. माणूस खोटं बोलत नाही. पाय दुखले तर दुखले म्हणतो.

आणि पाचवं — 'सागरकिनारीची सुगरण'. लेखिका सौ. रतनबाई, मुंबईच्या एका बड्या सॉलिसिटरांच्या पत्नी. किहीमला त्यांचा बंगला आहे, थंडीत येतात. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. आत संपादकांची चिठ्ठी — "थोर घराणे आहे. परीक्षण प्रोत्साहनपर असावे."

पोपटीचं पान उघडलं. "मडक्यात वालाच्या शेंगा भरून त्यात दोन तांबे पाणी घालावे."

पोपटीत पाणी! अहो, तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, मीठ, अंडी, पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ — शेंगा शिजतात त्या पाल्याच्या वाफेवर. या किनाऱ्यावरचं शेंबडं पोर सांगेल. पाणी घातलं की झालं गुरांचं आंबोण!

१६ जानेवारी

सबंध पुस्तक पुन्हा वाचलं. जिताडा माशाच्या कालवणात एक वाक्य आहे — "मीठ हातास विचारून घालावे."

हे वाक्य मी ऐकलंय. माझ्या मागच्या दारात, पायरीवर. आवडाबाईच्या तोंडून!

आवडाबाई किहीमजवळच्या वाडीतली आगरीण. दर शनिवारी डोक्यावर पाटी घेऊन शेंगा, अंडी, सुकट विकायला येते. कधी विचारलं की हे कसं करायचं गं, तर सगळं सांगते आणि शेवटी म्हणते — "न मीठ हाताला इचारून." रतनबाईंनी त्याला धुऊन, इस्त्री करून छापलंय.

१८ जानेवारी

आज आली. मी पाटी उतरवायला हात दिला आणि विचारलं, "आवडाबाई, किहीमच्या बंगल्यावर तू कधी कामाला होतीस?"

"व्हती ना. चार वरसा. म्हावरा साफ करायची, मसाला वाटायची. मंग बाईसायेब बोलल्या, तूच रांध. मी रांधायची, त्या वेताच्या मोड्यावर बसून वहीत लिवायच्या."

"का लिहितात, विचारलं नाहीस?"

"मना वाटला, हिशेब लिवतान!"

पुस्तक आणून वाचून दाखवलं. पोपटीतलं पाणी ऐकून तिला हसू आवरेना, पदराने डोळे पुसले. निवट्या म्हणजे चिखलातले चिकट मासे; ते राखेत घोळून धुवायचे हे बाईसाहेबांनी गाळलंय. राख हा शब्द सोनेरी पुस्तकात कसा यावा! "मंग बुलबुलीत निवट्या खातान का?" पुन्हा हसली.

मग मी चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, पान वाचलं. थांबायला हवं होतं. तिथे बाईंनी एक गंमत लिहिली आहे — आमच्या बंगल्यावरील एका अडाणी मोलकरणीच्या बोटास चिंबोरीने धरले असता ती कशी नाचली.

आवडाबाईने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. त्या बोटाला नख नाही. जागा अजून काळी आहे.

"अडानी म्हंजे मी का, वयनी?"

म्हटलं, "मी हे छापते. हे सगळं तुझं आहे, तुझ्या नावानिशी लिहिते."

ती एकदम उठली. "नाय नाय! नाव नको. माजा चंदर सायबांच्या हापिसात शिपाय हाय. त्यांनीच चिकटवला. माज्या नावानी त्याचा प्वाट कापू नका."

१९ जानेवारी

आधी पदार्थ घ्यायचे, मग बोटाची थट्टा करायची आणि मुलाला नोकरीला ठेवून तोंडही बांधायचं! हे म्हणाले, "कायद्याने आमटीवर मालकी कुणाची नसते." कायदा! यांच्या पानात उद्या दोन तांबे पाणी घालून वाढते.

२ फेब्रुवारी

आवडाबाईने आज आमच्या परसात पोपटी लावली. मी म्हटलं होतं, बरोबर काय ते मला दाखव, मी परीक्षणात चुका दाखवीन, नाव घेणार नाही. भांबुर्डी स्वतः आणली होती. आमच्याकडे कामाला असलेल्या ठमीने गवत आणि नारळीच्या झावळ्या रचल्या. जाळ उतरत आला तशी आवडाबाईने ओंजळभर पाणी मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं. "आयकला? झाली. पानी भायेर मारायचा, आत नाय."

तेव्हा कळलं! बाईसाहेबांनी पाणी हा शब्द ऐकला असणार आणि वहीत मान घातली असणार. वर बघितलंच नाही.

शेंगा फोडून खाता खाता ती सांगत गेली, मी लिहीत गेले. सुकटीची चटणी, निवट्या, लग्नातले वडे, बाळंतिणीचं कालवण. एकोणीस पदार्थ झाले. मी मध्येच लिहायची थांबले तर म्हणते, "लिवा ना. तुमी बघून लिवताव, ता मना बरा वाटता."

४ फेब्रुवारी

परीक्षण धाडलं. एकेक चूक पानाच्या आकड्यासह. शेवटी लिहिलं — "हे पदार्थ लेखिकेचे नाहीत. किहीमच्या बंगल्यात ज्या बाईने चार वर्षे ते रांधले तिचे नाव पुस्तकात नाही. तिच्या दुखावलेल्या बोटाची थट्टा मात्र आहे. पुस्तक घेऊ नये."

छापत नाहीत. पैज.

२० फेब्रुवारी

छापलं! एक अक्षर न बदलता! भांडणाला गिऱ्हाईक असतं हे संपादकांना कळलेलं दिसतं. सही अर्थात 'एक भगिनी'. वाचनालयात दोघे वकील त्यावरून हमरीतुमरीवर आले आणि हे गप्प बसून राहिले — माझी बायको म्हणण्याची सोय नाही! तीन वर्षांत मी इतकी पोटभर जेवले नव्हते.

२९ फेब्रुवारी

आवडाबाई गेल्या शनिवारी आली नाही. आज आली ती पाटीशिवाय.

"सायबांनी चंदरला बोलावला. इचारला, तुजी आय कोनाकडं जाऊन बोलली? त्याला कुठं काय ठावं! नाय म्हनाला. तरी काडला."

मी म्हटलं, "तुझं नाव मी कुठेही घेतलं नाही!"

"व्हय. पन बोट कोनाचा ता त्यांना ठावं नाय का?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुमी लिवलाव ता खरा व्हता, वयनी," म्हणाली. पाणी विचारलं, नको म्हणाली. गेली.

१ मार्च

त्या सॉलिसिटराला तापलेल्या तव्यावर उभा करावा. रतनबाईला शेजारी. आणि मला —

बोट लिहिलं नसतं तर चाललं असतं. चुका पुरेशा होत्या. पण बोटाने परीक्षणाला धार आली होती. मला ठाऊक होतं की धार येईल.

यांना म्हटलं, चंदरला इथे कुठे चिकटवा. "बघतो," म्हणाले. यांचं 'बघतो' मी बारा वर्षं बघतेय.

७ मार्च

आवडाबाई नाही. ठमीकडून कळलं, ती आता माल थेट बाजारात नेते. चंदर मुंबईतच आहे, गोदीत हमाली बघतोय.

८ मार्च

गिरगावातल्या एका प्रकाशकाचं पत्र. संपादकांकडून त्यांना माझा पत्ता मिळाला. "आपले परीक्षण वाचून ग्राहक बिनचूक पुस्तक मागू लागले आहेत. या किनाऱ्याच्या पाककृतींवर आपला अधिकार दिसतो. आपण ग्रंथ लिहून द्यावा. मुखपृष्ठावर आपले नाव मोठ्या अक्षरांत — सौ. कमळाबाई."

माझं नाव!

पत्र यांच्यापुढे टाकलं, भांडायच्या तयारीने. यांनी चष्मा वर केला. "पाकशास्त्र ना? त्याला माझी काय हरकत? घरंदाज विषय आहे. घाल की नाव."

म्हणजे मत दिलं तर नाव काळं आणि आमटी केली तर उजळ! तीन वर्षं शंभरेक पुस्तकं वाचली. खुनाच्या, काशीच्या, चांदण्याच्या. एकाही ओळीखाली मला सही करू दिली नाही. आणि जे माझं नाही त्यावर —

इथे थांबते.

१० मार्च

नाव घालायला मी तयार नव्हते का? तीच उठून उभी राहिली, नको नको म्हणत! मग आता काय करायचं? मी नाही लिहिलं तर दुसरी कोणी मोड्यावर बसेल आणि पुन्हा पाणी घालील. निदान माझं बरोबर तरी असेल. पदार्थ जगतील.

प्रस्तावना लिहायला घेतली. "आमच्याकडे शेंगा घेऊन येणारी एक अशिक्षित पण प्रेमळ बाई" — 'अशिक्षित' खोडलं. मग 'प्रेमळ' खोडलं. मग सगळं वाक्यच. नाहीतरी प्रस्तावना लांबतच होती.

ठमी बघत उभी होती. म्हणाली, "आवडाबायला कळवू का, बाजारात भेटते ती." मी तिच्यावर इतकी ओरडले की केसर कुंपणाशी आली.

१२ मार्च

माझ्या एकटीच्या नावाने होकार धाडला. एकोणीस पदार्थांची नक्कल सोबत दिली.

२१ मार्च

आवडाबाई आली होती, मागच्या दाराशी. बाई घरात नाहीत म्हणून ठमीला सांगायला लावलं आणि दाराआड उभी राहिले.

"मंग निरोप सांग वयनींना," म्हणाली. "चंदरचा कागद आलाय. गोदीत लागला. बोलतो, आता भ्यायचा कोनाला? त्यांना म्हनावं, मागं बोललाव तसा घाला माजा नाव."