अर्जावरची पयली सही

बाबा, तुमची पणती आगीच्या बंबावर कामाला लागली, हे तुमाला सांगायचं राहूनच गेलं. पोरगी, हां! खाकी कपडे, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर टोप. पयल्या दिवशी ती बंबावर बसून आपल्या गल्लीतून गेली तवा मी तव्यावरची भाकर तशीच सोडून भायेर पळाले. भाकरीचा कोळसा झाला. सून म्हणाली, "आत्याबाई, आता चूल इझवायला बी नातीलाच बलवा." इतकी हसले, इतकी हसले, की डोळे पुसायला पदर पुरंना. विहारात बाया इचारायच्या, पोरीला आगीचं भ्याव वाटत न्हाई का? मी म्हणायचे, तिच्या पणज्यानं हयातभर पाण्याची नळी धरली, तिला काहून वाटंल? पाहा, सांगायचं एक न् सांगून राहिले दुसरंच. हिची जीभ म्हणजे गळका नळ, असं तुमीच म्हणायचे.

नगरपालिकेचा व्हरांडा मला अजून दिसतो. मी सात-आठ वर्षांची हाय, तुमची भाकर घेऊन आले. टेबलावर जांभळ्या शाईची डबी उघडी पडली हाय. मी अंगठा बुडवते न् झग्यावर फुलं छापत बसते. तुमी येता न् फाडकन माझ्या हातावर मारता. जल्मात तेवढंच एकदा मारलं तुमी. "अंगठा ही खेळायची चीज न्हाई," म्हणाले न् माझ्याकडं न पाहताच भाकर खाल्ली. लई दिवसांनी मायनं सांगितलं. पगाराचा कागद हाय म्हणून तुमी एका कागदावर अंगठा दिला व्हता, न् त्यात लिव्हलं व्हतं की, मी रोजंदारीवर राजी हाय, कायम करा म्हणणार न्हाई. ज्यांनी अंगठा दिला न्हाई ते कायम झाले. तुमी मरेपर्यंत रोजंदार.

मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी नाक्यावरच्या कारकुनाकून माझं नाव एका चिठ्ठीवर लिव्हून आणलं. बंबाच्या लाल पत्र्यावर ओल्या बोटानं तुमी गिरवायचे, मग मी गिरवायचे. ऊन असं, की शेवटचं अक्षर काढीस्तोवर पयलं वाळून जायचं. "वाळलं तर वाळू दे, पुन्हा काढ." तुमाला सोताचं नाव लिव्हता येत न्हवतं, बाबा. माझंच तेवढं लिव्हता यायचं, न् वाचता बी तेवढंच. पुढं दुसरीपर्यंत मी शाळेत गेले, अक्षराला अक्षर लावून वाचाय-लिव्हाय लागले, पण माझी सही मातर तुमच्याच हातची हाय. अजून तशीच काढते, शेवटच्या अक्षराला घाई करते, जसं काही वाळूनच जाईल.

आता पाण्याचं ऐका. सिद्धेश्वर धरणाचं पाणी तळाला गेलं म्हणून पालिकेनं नळ आठ दिवसांवर नेला. गल्लीत बायांची घागरीवरून रोज झोंबाझोंबी. एक दिवस सकाळी वॉर्डाचा मेंबर कागद घेऊन दारात आला. "मावशी, बंब आपल्याच टाकीवर भरून राहिला. धरणाचं पाणी लेकरांना पाजायचं का बंबाला? अर्ज देऊ. पयली सही तुमची, गल्लीत सगळ्यात वडील तुमी." मला वाटलं, खरं हाय, बंब विहिरीवर भरला तर काय बिघडतं? तुमी बी विहिरीवरच भरायचे. शेजारीण म्हणाली, "आजीची सही म्हणजे रांगोळी!" मी फुगले. पदराला हात पुसले, कागद पाटावर ठिवला न् झोकात सही काढली. कागद दोन पानांचा व्हता. मी सहीचं तेवढं पान पायलं.

पालिकेची सभा झाली, ठराव पास झाला, बंब विहिरीवर भराय लागला. महिना झाला न्हाई तर नात घरी आली, बूट भायेर काढून ठिवले न् म्हणाली, "आजी, आमचं कंत्राट वाढवत न्हाईत. या महिन्याअखेर संपलं." मी दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता पालिकेत गेले. म्हटलं, बंबवाल्याची लेक हाय मी, बोलून तरी पाहाते. तिथला कारकून भला माणूस, खुर्ची दिली. म्हणाला, "आजी, आता आमच्या हातात काय? तुमच्याच गल्लीचा अर्ज व्हता." न् फाइल माझ्यापुढं केली. मी अक्षर लावून लावून वाचलं. पाणी पुरत न्हाई म्हणून एकच बंब ठेवावा, दुसऱ्यावरची कंत्राटी माणसं कमी करावी. वाचता आलं की, बाबा! समदं वाचता आलं. खाली पयली सही माझी, शेवटचं अक्षर घाईत काढलेलं.

म्हटलं, "साहेब, माझी सही काढून घेते मी."

"भाजीत टाकलेलं मीठ निघतं का, आजी?" तो म्हणाला न् पाण्याचा पेला पुढं सरकवला. मी तसाच ठिवला.

आज दुपारी वारंगा फाट्यावर ट्रक पेटला व्हता. पोरगी आली तवा तोंड काळंकुट्ट, दात तेवढे पांढरे. "आजी, विहिरीवर भरायला येळ लागला, पण इझवली बघ!" तिला पाहून मला पुन्हा हसूच फुटलं, काय करू? नळाला अजून चार दिवस हायेत. मी रांजणातून एक तांब्या तिच्या हातावर धरला. दुसरा भराय लागले तर म्हणाली, "बस गं, पाणी जपून." मग तोंड पुसता पुसता इचारलं, "आजी, आपल्या गल्लीतून अर्ज कोणी दिला असंल गं?"

मी म्हटलं, "आधी जेव."

तुमी मला अंगठ्यापासून सोडवलं, बाबा, न् मी सही काढून बी अंगठाच दिला. तिला सांगावं तर तोंड उघडत न्हाई, न् न सांगावं तर ती बूट घासताना समोर बसवत न्हाई. रोज घासून राहिली बूट. महिना संपायला थोडेच दिवस हायेत.

हा कागद पिठाच्या डब्याखाली ठिवते. खाली माझं नाव लिव्हत न्हाई. तुमाला तेवढंच वाचता यायचं, म्हाईत हाय मला. पण आज हात उचलून न्हाई राहिला.