सुमेधाला न्यायला येते

सस्काटून, कॅनडा
१४ नोव्हेंबर १९८२

ती. सौ. अक्कास,
यशूचा सविनय जयभीम. वि. वि.

ह्यांची नोकरी गेली. कारखान्यात बरेच दिवस नुसती कुजबूज होती. काल फोरमननं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. शेतीची यंत्रं कुणी विकत घेईना, मग सगळ्यांत शेवटी लागलेले सगळ्यांत आधी घरी. हे आले, बूट काढले, चहा मागितला आणि चहा पिऊन झाल्यावर सांगितलं. गुलबर्ग्यात पूल बांधणारा माणूस. इथं त्यांना पुलाजवळ कुणी उभं करत नाही.

मीही गावभर हिंडले. आपली गुलबर्ग्याची एम.एस्सी. दाखवली की लोक फार छान म्हणतात आणि कागद परत देतात. शेवटी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, इथली एम.एस्सी. पुन्हा करा, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून थोडा पगारही मिळेल. विषय मसुरीवरचे रोग. जानेवारीपासून सुरू, दोन वर्षं.

म्हणजे सुमेधाला उन्हाळ्यात आणायचं होतं ते आता होत नाही. हे मिळेल ते काम शोधणार, मी दिवसभर प्रयोगशाळेत. तिला बघणार कोण? गेल्या वर्षी आम्ही निघायच्या आठवड्यात तिला गोवर निघाला नसता तर आज ती इथं माझ्या पायात घोटाळत असती. सहा महिन्यांसाठी म्हणून तुझ्याकडे ठेवली. आईनं तिला सगळ्यांसमोर तुझ्या ओटीत घालायला लावलं ते आठवतं का? दाजी किती चिडले होते, छप्पन सालीच हे सगळं सोडलं, आता पुन्हा कशाला म्हणून. मला हसू आवरेना. बाहेर सोलापूरची बस खोळंबली होती.

ती काय बोलते, काय खाते, सगळं लिही. फोटो पाठव. आईला, दाजींना जयभीम. तुझी माझ्यावर जेवढी माया आहे तिच्या दुप्पट सुमेधावर असू दे.

तुझी
यशू


आळंद
२० डिसेंबर १९८२

चि. यशूस,
अक्काचे पोटभर आशीर्वाद आणि जयभीम.

तुझा निळा कागद पोचला. आधी तुझ्या दाजींनी, आमच्या मास्तरांनी मोठ्यानं वाचला, मग मी एकटीनं वाचला. नागनाथरावांना सांग, नोकरी गेली, हात गेले न्हाईत. आई म्हणायली, एवढ्या शिकलेल्या माणसाला कामून काढलं? मी म्हणलं, शिकलेला हाय म्हणूनच न भांडता घरी आला.

आणि तू मसूर शिकायलीस व्हय? शेजारची निलम्मा हसून हसून लोळली. तिकडच्या मसुरीला काय शिंगं हाईत का म्हणते, दोन वर्षं लागायला! मी तिला सांगितलं, आमची यशू बारकेपणी डाळ निवडायला बसवली की पळून जायची, आता फेडू दे.

सुमेधा मजेत हाय. दात बघावेत म्हणून बोट घातलं तर चावली. निलम्माच्या घरात कन्नड, आपल्या घरात मराठी, रागाला आली की दोन्ही. मास्तरांचा चष्मा लावून शाळा भरवते आणि मास्तरांनाच अंगठे धरायला लावते. माझ्या कानातलं धरल्याबिगर झोपत न्हाई. फोटोवाल्याकडं नेली तर भोकाड पसरलं. तसाच फोटो काढला, तसाच पाठवायलीय.

तू शीक. लेकराचा घोर करू नको. लग्नाला बारा वर्षं झाली, घर कसं झाडून ठेवल्यागत असायचं. आता पाय ठेवायला जागा न्हाई.

थंडीत कान बांधत जा. तिकडच्या लोकांत आम्हाला इसरू नको, एवढंच मागणं.

तुझी
सरूअक्का


सस्काटून
९ सप्टेंबर १९८४

ती. सौ. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

काल माझी एम.एस्सी. झाली. प्राध्यापकांनी हात मिळवला आणि त्याच दमात सांगितलं की या वर्षी कुठं जागा निघेल असं वाटत नाही. सरकारी केंद्रांनी भरती थांबवलीय, कंपन्या आहेत ती माणसं कमी करताहेत. माझ्या अर्जांची उत्तरं येतात, सगळी गोड. आपली पात्रता उत्तम आहे, जागा मात्र नाही. हे बेकरीत लागलेत. अंगाला पावाचा वास येतो म्हणून बसमध्ये लोक ह्यांच्याशेजारी हौसेनं बसतात, असं स्वतःच सांगून हसतात.

तरीही मी ठरवलंय. डिसेंबरात येते आणि सुमेधाला घेऊन जाते. नोकरी मिळो, न मिळो. परवा प्रयोगशाळेतल्या एका बाईंची मुलगी आली होती, सुमेधाएवढीच. तिनं सहज माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, काय आहे बघायला. मी काचघरात जाऊन मसुरीच्या कुंड्यांमध्ये उभी राहिले, बराच वेळ. कुणी विचारलं तर पानं तपासतेय म्हणणार होते. कुणी विचारलं नाही.

तिच्यासाठी लोकरी कोट आणून ठेवलाय. माप अंदाजानं घेतलं. आपल्या पोरीचं माप अंदाजानं घ्यायचं, अक्का!

सगळ्यांना जयभीम. तुझ्या मायेवरच आजवर निभावलं.

यशू


आळंद
५ ऑक्टोबर १९८४

चि. यशूस,
आशीर्वाद.

तू पास झालीस म्हणून आईनं गल्लीभर साखर वाटली. मास्तरांनी शाळेत सांगितलं.

आता दुसरं. डिसेंबरात येते न् घेऊन जाते म्हणतीस. पिशवी ठेवली होतीस व्हय माझ्याकडं? यशू, ते लेकरू तू माझ्या ओटीत घातलंस. आई होती, निलम्मा होती, वरच्या घरची चंद्रम्मा होती. तांदूळ होते, नारळ होता. मी पदर पसरला. तू हसायलीस ते मी बघितलं. मला वाटलं, अक्काला लेकरू दिलं म्हणून आनंदानं हसायली. आपल्याकडं ओटीत घातलेलं लेकरू कुणी परत मागत न्हाई. तुला ठाऊक न्हाई म्हणावं तर तू काय तिकडं जन्मलीस?

मास्तर मला रागावले. म्हणले, ती शिकायला गेली, लेकरू द्यायला न्हाई, आणि ओटीबिटी आपण मानत न्हाई. मी म्हणलं, तुम्ही नका मानू. मी त्याच्यावर तीन वर्षं जगले. मग चष्मा पुसायला लागले. जराशानं म्हणले, सिद्धार्थाला तरी मावशीनंच वाढवलं की, गौतमीनं. माझी समजूत काढायले होते बिचारे.

ती मला आई म्हणते. मी शिकवलं न्हाई. गल्लीतली लेकरं ज्याच्या त्याच्या आईला हाक मारतात, ते ऐकून हिनं मला मारली. तवा मी काय कान झाकून घेऊ?

आशीर्वाद हाईतच, ते काही परत मागत न्हाई.

सरू


सस्काटून
१ नोव्हेंबर १९८४

ती. अक्कास,
जयभीम.

दाजींना सांग, सिद्धार्थाची आई माया वारली म्हणून गौतमीनं सांभाळलं. मी जिवंत आहे.

आई म्हणाली होती, ओटीत घातली की मागं राहिलेल्या लेकराला नजर लागत नाही. एवढंच. मी तिचं मन राखलं. दिली असा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तू विचारायला हवं होतंस आणि मी सांगायला हवं होतं. बस चुकेल म्हणून दोघींनीही घाई केली.

आता पुढचं ऐक, तुला बरं वाटेल. डिसेंबरात मी येत नाही. प्राध्यापक मला पीएच.डी.साठी ठेवून घ्यायला तयार झालेत. बाहेर नोकरी नाही, तेव्हा हाच एक पगार. प्रयोग याच थंडीत लावायचे, मी निघाले तर जागा दुसऱ्याला. बेकरीतही माणसं कमी करायचं चाललंय. लोक पोट भरलं की शिकतात, मी पोट भरावं म्हणून शिकते आहे. हे तिला एक दिवस समजावून सांगावं लागेल.

तोवर ती तुझ्याकडे आहे. ओटीत नाही, तुझ्याकडे. राग उतरला की लिही. माझा उतरायला वेळ लागेल, पण मी लिहीन.

यशोधरा


आळंद
१२ जुलै १९८६

चि. सौ. यशोधरा हिस,
माणिकरावचा जयभीम व आशीर्वाद.

बहिणी-बहिणींत दीड वर्ष नुसते फोटो जातात-येतात, म्हणून मी मध्ये तोंड घालतो. इकडे सर्व ठीक. आईंचे गुडघे सोडले तर.

सुमेधा पहिलीत बसली, माझ्याच वर्गात. घरी मला अप्पा म्हणते, वर्गात गुरुजी म्हणायचं ठरलंय, पण म्हणताना तिला हसू फुटतं आणि मग सगळा वर्ग हसतो. पाढे पाठ आहेत. भांडण झालं की कन्नडात पाढे म्हणते, म्हणजे मला चूक काढता येऊ नये.

तुझा फोटो खिडकीशी लावलाय. तुला ती विमानातली मावशी म्हणते. आभाळात विमान दिसलं की सरू बोट करून दाखवायची, त्यावरून. तिला खरं सांगू या असं मी सरूला म्हणालो. सांगा की, म्हणाली, आणि जेवता जेवता ताटावरून उठली. मग मी काही सांगितलं नाही. इतकी वर्षं मास्तरकी केली, हा एक धडा घ्यायला मला जमत नाही.

न्यायची असेल तर लवकर ये. न्यायची नसेल तर तसं लिही. तू येते येते म्हणतेस, आणि टपालवाला दारावरून पुढं गेला की सरू पाणी पिते. तिकडे तुझी दशा याहून बरी असेल असं मी समजत नाही.

नागनाथरावांना जयभीम. या म्हाताऱ्याचा राग मानू नये.

माणिकराव


सस्काटून
३० ऑगस्ट १९८७

ती. अक्का व दाजी यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

मला नोकरी लागली. काल प्राध्यापकांनी स्वतः फोन करून पक्कं सांगितलं. डाळींच्या संशोधन केंद्रात, फेब्रुवारीपासून. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा गेल्या महिन्यात झाली. हे फोनजवळच उभे होते. मी फोन ठेवून खालीच बसले म्हणून त्यांना वाटलं, हीपण नोकरी गेली.

अकरा डिसेंबरला मुंबईत उतरते. सुमेधाचे कागद तयार आहेत. परतीची दोन तिकिटं काढलीत, चार जानेवारीची. सुमेधाला न्यायला येते, अक्का. या वेळी खरंच येते.

मला भांडायचं नाही. एकच मागते. मी येण्याआधी तिला तू सांग. मी सांगितलं तर एक परकी बाई काहीतरी सांगते आहे असं होईल. तुझ्या तोंडून ऐकलं तरच तिला खरं वाटेल.

एवढी माया उरली असेल तर कर.

यशू


आळंद
४ ऑक्टोबर १९८७

मावशीस,
सुमेधाचा जयभीम.

मी दुसरीत आहे. अप्पांनी रेघा मारून दिल्या. आई म्हणली तुम्ही माझी खरी आई आहात. मी म्हणलं मग तू कोण. तर ती चुलीत फुंकायला लागली. चूल पेटलेलीच होती.

तुमच्याकडं बर्फ आहे ना. मला बघायचा आहे. पण आईचं तिकीट न्हाई. मी गेल्यावर तू कुणाजवळ झोपशील असं मी विचारलं. ती म्हणली मी काय बारकी हाय व्हय. पण ती एकटी झोपत न्हाई. झोपेत माझा हात धरते. तिला ठाऊक न्हाई, मला ठाऊक आहे.

तुम्ही लई मोठ्या शाळेत शिकलात असं अप्पा म्हणतात. मग तुम्हीच सांगा काय करायचं. तुम्ही न्यायला येऊ नका. नुसत्या या. वेळामावस्येला सगळे रानात जेवायला जातात, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी करतात. मी तुम्हाला आंबील वाढीन.

तुमची लाडकी
सुमेधा माणिकराव

यशू, तू म्हणलीस तसं सांगितलं. तिनं काय लिहिलं ते वाचलं, अक्षर बदललं न्हाई. लेकराचं काय ऐकायचं, तू ये आणि घेऊन जा. मी आडवी येणार न्हाई. तिचे नवे कपडे शिवायला टाकलेत. — सरू


सस्काटून
२६ ऑक्टोबर १९८७

ती. अक्कास,
यशूचा जयभीम.

सुमेधाचं तिकीट काल रद्द केलं. स्वतः जाऊन केलं. खिडकीतल्या बाईनं दोनदा विचारलं, नक्की ना. रात्री ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, मग आपण हे सगळं शिकलो कशासाठी?

तू आडवी आली असतीस तर मी भांडून नेली असती, अक्का. इतकी वर्षं त्याचीच तयारी केली होती.

कपडे शिवून घे, तिथंच घालील. मी ठरल्याप्रमाणे अकराला मुंबईत उतरते, दुसऱ्या दिवशी सोलापूर, तिथून दुपारच्या बसनं आळंद. दाजींना स्टँडवर पाठव. घर सापडेल मला, पण फोटो असले तरी पोरांच्या घोळक्यात ती कोणती हे मला ओळखू येणार नाही, आणि ते तिला दिसायला नको.

खालचं तिला वाचून दाखव.

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं अक्षर फार छान आहे. तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्या मोठ्या शाळेत शिकवत नाहीत. म्हणून तू सांगितलंस तसं करते. नुसती येते. वेळामावस्या वीस डिसेंबरला आहे, तेव्हा मी तिथं असेन. जानेवारीत एकटीच परत जाईन. मला सोडायला स्टँडवर यायचं, आईचा हात धरून उभं राहायचं आणि बस वळेपर्यंत दुसरा हात हलवायचा. मावशीवर एवढा लोभ असू दे.

तुझी
यशोधरामावशी