कॉम्प्रेसरच्या सुरातलं गाणं

प्रिय भोंगाबाई,

या नावाने आता तुला हाक मारायची नाही, असं तुझ्या लेकीने मला बजावलंय. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज गेला आणि मावशीला अजून भोंगा सुचतोय, म्हणून फुरंगटली आहे माझ्यावर. पण मला दुसरं नाव जिभेवर येतच नाही, तेव्हा घे चालवून. फोनवर तू बोलू शकत नाहीस आणि मी गप्प बसू शकत नाही, म्हणून हे पत्र.

तो अल्बमवाला दाढीवाला माझ्याकडे येऊन गेला. आपल्या भागातल्या जुन्या गॅरेज रॉक बँडांची गाणी गोळा करून त्यांचा एक अल्बम काढतोय बिचारा. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या ट्रंकेतून कॅसेटी उपसल्यात त्याने. गॅरेज रॉक म्हणजे घरच्या शेडमध्ये उसन्या गिटारींवर घातलेला धिंगाणा, असं तो माझ्या बाबांना समजावत होता. बाबांनी त्याला ऐकवलं की शेडबिड काही नाही, हे चालू गॅरेज आहे, आणि या कार्ट्यांनी माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवून लावली होती. वर त्याच्या गाडीचा ब्रेकही तपासून दिला. आपल्या गिटारवाल्याने आणि बेसवाल्याने आपलं गाणं घ्यायला होकार दिलाय, मीही दिला. तू मात्र त्याने पाठवलेलं गाणं ऐकलंस आणि सरळ नाही कळवलंस. गायिकेची परवानगी नाही तर गाणं नाही, असं त्याचं तत्त्व आहे, म्हणून तोंड पाडून बसला होता.

मला आधी तुझा रागच आला. म्हटलं, ही बया एवढी का आखडतेय? मग त्याने तेच गाणं मला लावून दाखवलं. अगं, मी ड्रम इतक्या घाईने जन्मात वाजवलेला नाही. कुणी पाठीमागे लागल्यासारखी आदळत होते. आणि त्यावर कुणीतरी नाकात चिरकत होतं. मी पाना हातात घेऊनच त्याच्यावर धावले की ही कोण?

तर साहेबांनी कॅसेट सुधारली होती. आपली गिटार नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच खाली लागलेली, त्यावरून त्याने ठरवलं की तेव्हा रेकॉर्डर जास्तच जोरात फिरला असणार, म्हणून कॅसेट आता हळू वाजतेय. मग वेग वाढवून गाणं योग्य पट्टीत आणून बसवलं. त्याचा तरी काय दोष? गिटार कॉम्प्रेसरवर लावतात हे त्याला कुठून माहीत असणार? बाबांचा हुकूम होता, टायरात हवा भरायला गिऱ्हाईक कधीही येतं, कॉम्प्रेसर बंद करायचा नाही. तो मध्येच घुमायला लागला की आपलं सगळं बेसूर व्हायचं, आणि गिटारवाला वैतागून तारा सैल करायचा. शेवटी आपण त्याच्याच सुरात सगळं लावलं. तुला ती पट्टी अशी काही मानवली की शेवटच्या ओळीला रस्त्यापलीकडचा न्हावी हातातलं काम सोडून दारात यायचा.

मोटर अजून तीच आहे. मी कॉम्प्रेसर सुरू केला आणि त्याला म्हटलं, आता वेग कमी करत आण. तो बटण फिरवत राहिला, आणि एका क्षणी गाणं त्या घुमण्यात असं मिसळलं की वेगळं काढता येईना. आणि तू आलीस. भरलेली, खरखरीत, जरा उद्धटच. बाबांचा एक कान गेलाय, तरी ते आतून बाहेर आले आणि म्हणाले, ही आपली पोरगी. मी टायरवर बसून रडले, लाज नाही वाटली. दाढीवाला बिचारा सारखा माफी मागत होता.

आता खरं सांगते, हे पत्र अल्बमसाठी नाही. काल तुझ्या लेकीने फोनवर सांगितलं की त्याने पाठवलेलं गाणं तू अर्ध्यात बंद केलंस आणि पाटीवर लिहिलंस, 'एवढाच होता होय माझा आवाज!' मग ती पाटी पुसलीस आणि दिवसभर खिडकीशी बसून राहिलीस. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाहीये. अगं वेडे, ते चिरकणं तुझं नव्हतंच. सोबत खरं गाणं पाठवतेय, दार लावून मोठ्याने ऐक. अल्बमला नाहीच म्हणायचं असेल तर म्हण, मी दाढीवाल्याला समजावीन. गेलेल्या आवाजासाठी तुला रडू येत असेल तर रड, मीही येते सोबतीला. पण रडायचंच तर या आवाजासाठी रडू.

तुझीच,
आदळआपट